खालच्या खाचरातलं तांबं

आबा, परवा खालचं भाताचं खाचर कापलं. काल झोडणीही झाली. पेंढा अजून बांधावर पडलाय, तो शेजारचे बबनकाका उद्या वाहून आणतो म्हणालेत. तुम्ही गेलात त्याला फार दिवस झाले नाहीत, पण तुमचं-माझं भांडण कोणी काढलं नाही असा एकही दिवस या घरात गेलेला नाही. दहाव्याला आलेली माणसंसुद्धा आधी तुमच्या फोटोला हात जोडायची, आईंजवळ थोडं बसायची आणि निघताना मला हळूच बाजूला घेऊन विचारायची, "त्या खाचराचं मग काय झालं?"

काय झालं ते तुम्हालाच सांगायला बसलेय. निम्मी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला कुठलीही गोष्ट मधून सुरू केलेली चालायची नाही. "पयल्यापासून सांग," म्हणायचात. म्हणून पहिल्यापासून.

लग्न होऊन मी भाजे गावात आले तेव्हा वरची दोन खाचरं सोन्यासारखी पिकायची आणि गोठ्याखालचं तिसरं दरवर्षी आपल्याला फसवायचं. रोप बरं लागायचं, हिरवं व्हायचं, उंचही व्हायचं. लोंब्याही यायच्या. पण दिवाळी जवळ आली की वरच्या खाचरांतल्या लोंब्या भारानं खाली वाकायच्या आणि खालच्या ताठ उभ्या राहायच्या. हातात चुरगाळल्या की नुसतं फोलपट, पळंज. गोठ्याचं सगळं धुवण, शेण-मूत, वर्षानुवर्षं त्याच खाचरात उतरत आलेलं. माती काळीभोर, लोण्यासारखी मऊ, आणि लावणीच्या वेळी पाय आत गेला की कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. तुमचा त्या मातीवर भारी जीव. "यवडं खानं हाय तितं, आन् दाना न्हाई," असं म्हणून तुम्ही पुढच्या वर्षी आणखी शेणखत टाकायचात.

तुमच्या संतोषला त्या खाचराचा कंटाळा आला होता. तळेगावच्या कारखान्यातून तो दमून यायचा आणि जेवताना त्याचा विषय तोच. लेण्यांच्या वाटेला एकेक करून बंगले उठत होते. पुण्याची एक पार्टी आपल्या खालच्या खाचरासाठी दोनदा येऊन गेली होती. "आबा, पळंज पिकवून काय करायचंय? देऊन टाकू," तो म्हणाला. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "एक सुगी थांब. दाना भरला तर इकायचं न्हाई. न्हाई भरला तर तू म्हनशील तितं अंगठा देतो."

"अंगठा कशाला? तुम्हाला सही येते की."

"त्या कागदावर न्हाई येत."

आई पदराआड हसल्या, संतोषही हसला, आणि मला त्या घासागणिक वाटायला लागलं की आता ही माझी परीक्षा आहे. कारण घरात माती तपासण्याचा पगार घेणारी मी एकटीच. तळेगावच्या प्रयोगशाळेत दिवसभर मी लोकांच्या शेतातली माती गाळत बसते आणि माझ्याच घरच्या खाचराला दाणा भरत नाही. पाहुण्यांना तुम्ही माझी ओळख करून द्यायचात ती वेगळीच. "ही आमची सूनबाय. मातीचं रगत तपासती."

त्या आधी मी झिंक टाकून पाहिलं होतं. भात पिवळं दिसलं की आमच्याकडे सगळ्यांना पहिल्यांदा झिंकच आठवतं. काही उपयोग झाला नाही. मग एका रविवारी बांधावर बसून मी नीट पाहिलं. नवं पान उलगडतच नव्हतं. सुईसारखं गुंडाळलेलंच वर येत होतं आणि त्याचा शेंडा पांढरा पडून वाळत होता. ही खूण तांब्याची. तांबं पिकाला लागतं अगदी चिमूटभर, पण ते मिळालं नाही तर फुलातला पराग वांझ राहतो आणि दाणा धरतच नाही. मी आनंदानं ओरडलेच. तुम्ही वरच्या बांधावरून विचारलंत, "साप निगाला का काय?"

मी माती नेली, सावलीत वाळवली, चाळली, तपासली. आणि माझा चेहरा पडला. तांबं होतं. हवं त्याहून जास्तच होतं.

घरी येऊन मी तुम्हाला म्हटलं, "आबा, मशीन म्हणतंय तांबं आहे. पीक म्हणतंय नाही. आता ऐकू कुणाचं?"

तुम्ही जराही विचार न करता म्हणालात, "भूक कुनाला लागलीया? त्याचं ऐक."

ते तुमचं वाक्य डोक्यात घेऊनच मी दुसऱ्या दिवशी कामाला गेले. आणि तिथं लक्षात आलं की मी जी माती तपासली ती खाचरातली माती नव्हतीच. खाचरातली माती महिनोन्‌महिने पाण्याखाली असते, हवेशिवाय. मी तपासली ती वाळलेली, हवा लागलेली. मला ओलीच माती हवी होती, जशीच्या तशी, वरपर्यंत पाणी भरून, हवा न लागू देता. ते काम तुम्ही केलंत. दुधाची एक किटली तुम्ही खाचरात बुडवून चिखलानं काठोकाठ भरलीत, झाकण दाबून बसवलंत आणि मळवलीहून गाडीनं थेट तळेगावला आलात. आमच्या साहेबांनी दारातच विचारलं, काय आणलंय म्हणून. तुम्ही म्हणालात, "काळं दूध." ते साहेब अजून हसतात. परवा भेटायला आले होते, तेव्हा डोळे पुसत तेच सांगत होते.

ओल्या मातीत तांबं जवळजवळ सापडलंच नाही. म्हणजे होतं, पण मातीनं ते सोडलं नाही. आपण दोघं ओट्यावर बसलो होतो आणि मी तुम्हाला समजावत होते. कुजलेलं शेण तांब्याला जेवढं घट्ट धरतं तेवढं दुसऱ्या कशालाच धरत नाही. त्यात पाणी साचून हवा कोंडली की तो वासाचा वायू तयार होतो, आणि त्यात तांबं आणखी घट्ट अडकून बसतं. मुळांना हाताशी असून मिळत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हंजे माती कंजूस." मी म्हटलं, "कंजूस नाही आबा. आपल्याकडचा पाऊस बघा. तिनं असं धरून ठेवलं नसतं तर सगळं तांबं कधीच नदीत गेलं असतं." तुम्हाला ते फार आवडलं. मातीची बाजू कोणी घेतली की तुम्हाला आवडायचंच.

मग तुम्ही विचारलंत, "आन् वाळली की सोडती?"

"हो. हवा लागली की थोडं सैल होतं."

"मंग खाचरच वाळवू की."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आबा. मी म्हटलं, मावळात भर श्रावणात खाचर वाळवणार कसं? वरून पाऊस, गोठ्यातून पाणी, तण माजेल ते वेगळंच. त्यापेक्षा मोरचूद, म्हणजे तांब्याचंच मीठ, आणि चुना कालवून पानावरच फवारू. मातीच्या तावडीत द्यायचंच नाही. तुम्ही म्हणालात, "घरात हाय ते बाजारातनं कशाला आनायचं?" मी म्हटलं, "घरातलं निघत नाही म्हणून." तुम्ही म्हणालात, "निगतंय. तूच म्हनलीस."

शेवटी ठरलं की खाचराच्या निम्म्या भागावर फवारायचं आणि निम्मं तसंच ठेवायचं. म्हणजे फरक कळेल. मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं की दुसऱ्या निम्म्याला हात लावायचा नाही. तुम्ही मान डोलावली होती. मग मी रोज कामावरून येताना बघत होते, आणि दोन्हीकडची पानं सारखीच छान उलगडत होती. मला कळेना. एका संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं लोखंडी घमेलं दिसलं. आतून तांबूस, लखलखीत.

"आबा, हे घमेलं असं कसं झालं?"

"गंजलं आसंल."

"गंज चमकत नाही. लोखंडात मोरचूद कालवलं की तांबं असं लोखंडावर चढतं."

तुम्ही चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "म्हशीला इचार."

"आबा!"

"आता दोन लेकरं पंगतीला बसवायची, एकाला वाढायचं आन् दुसऱ्याला म्हनायचं तू निस्ता बघ. मला न्हाई जमत, पोरी." आणि मी काही बोलायच्या आत, सगळं एकदमच सांगून मोकळं व्हावं तसं, "आन् बांधबी फोडला व्हता. पावसानं उघडीप दिली तवा पानी सोडून दिलं. चांगली भेगा पडंस्तवर."

म्हणजे दोन्हीकडे फवारलेलं आणि दोन्हीकडे वाळवलेलं! मी तणतणत आईंकडे गेले. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "माझा सगळा सौंसार त्यास्नी न्हाई म्हनन्यात गेला. तू तर आत्ता आलीस."

त्या दिवाळीला खालच्या खाचरातल्या लोंब्या पहिल्यांदा वाकल्या. आणि का वाकल्या ते जगात कोणालाच सांगता येईना. तुम्ही म्हणत होतात, उन्हानं. मी म्हणत होते, तांब्यानं. संतोष म्हणाला, "मला वाटतं यंदा पाऊसच बरा होता," आणि आपण दोघांनी एकदम त्याच्याकडे असं बघितलं की तो ताट घेऊन आत गेला. पण त्याचंही बरोबर होतं. कारण कळलेलं नव्हतं, तर पुढच्या वर्षी पुन्हा फोलपट येणार नाही कशावरून? पार्टीला त्यानं नाही म्हटलं नाही, थांबा म्हटलं.

पुढचं वर्षभर तुम्ही कुणालाही सोडलं नाहीत. वडगावला बबनकाकांच्या पुतण्याच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभे असताना तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होतात, "तुमीच सांगा, ऊन का मोरचूद?" तो बिचारा मुलीकडचा होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तुमच्या बाजूचा झाला होता, आणि जेवताना मी त्याला माझ्या बाजूला आणलं.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला दिसली आणि बोलायची राहिली. मी या घरात आले तेव्हा तुम्ही आणि संतोष कामापुरतंच बोलायचात. दुधाचं झालं का, लाईटबिल भरलं का, एवढंच. आपलं भांडण सुरू झाल्यावर त्याला दोघांनीही पंच नेमलं. पंच म्हणून तो खाचरात यायला लागला. बांधावर तुमच्या शेजारी बसायला लागला. एकदा मी वरून पाहिलं, तर तो तुम्हाला कारखान्यातलं काहीतरी हातवारे करून सांगत होता आणि तुम्ही तोंड उघडं ठेवून ऐकत होतात. मी खाली आलेच नाही. चहा वरच गार झाला.

यंदा मी खाचराचे चार तुकडे पाडले. मध्ये बांध घातले, बांधात प्लॅस्टिकचा कागद पुरला. संतोषनं सुट्टी टाकून गोठ्याचं पाणी चर खणून परसात वळवलं. एका तुकड्यावर नुसती फवारणी, पाणी साचलेलंच. दुसऱ्याला फवारणी नाही, पण उघडीप मिळाली की पाणी सोडून भेगा पडेपर्यंत वाळवायचं. तिसऱ्याला दोन्ही. आणि चौथ्याला काहीच नाही. चौथ्याचं नाव काढल्यावर तुमचा चेहरा उतरला. मी तुम्हाला चंद्रीच्या शिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली. संतोषला साक्षीला उभं केलं. तुम्ही शपथ घेतलीत, पण म्हणालात, "ह्ये पाप तुज्या माथ्यावर."

श्रावणात एकदा मी कामावरून लवकर आले. तुम्ही त्या चौथ्या तुकड्यासमोर उभे होतात, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मला वाटलं पुन्हा काहीतरी चाललंय, म्हणून मी आवाज न करता मागे येऊन उभी राहिले. तुम्ही त्या भाताशी बोलत होतात. "यंदाच्याला सांभाळून घे बाबा. सूनबायनं हात बांधल्यात. फुडल्या साली तुला पयलं वाढतो." मी तशीच परत फिरले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, आबा, पण ज्या तुकड्याला उपाशी ठेवायचं त्याची माफी मागणारं माणूस पाहिलं नव्हतं. हे तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मंग जरा फवारू का?"

गणपती उठले, भात निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडायला लागल्या. त्या सकाळी तुम्ही धार काढलीत, किटल्या भरून ठेवल्यात, ओट्यावर बसून आईंना म्हणालात, "आज चा जरा गोड कर." आई कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा तुम्ही खांबाला टेकून बसला होतात, रोजच्यासारखेच. आईंनी दोनदा हाक मारली. मग मला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मला कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. तुम्हाला रडगाणं आवडायचं नाही. चंद्रीनं दोन दिवस दूध चोरलं, मग आई तिच्याजवळ जाऊन बसल्या, तेव्हा सुरळीत झालं. बबनकाका एकदा खाचरातून आले आणि म्हणाले, "चवथा तुकडा लय वाईट दिसतोय. निदान पानी तरी सोडू का? म्हातारा असता तर त्येनं सोडलं असतं." तेवढ्यात आई आतून बाहेर आल्या. तेराव्यापर्यंत घरात त्या कुणाशी फारसं बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हात लावू नका. त्यांनी शबूद दिलाय."

आता कालचं सांगते.

चारही तुकडे परवा वेगवेगळे कापले होते, काल वेगवेगळे झोडले. चार ताडपत्र्या, चार ढीग. बबनकाका होते, वरच्या आळीतली चार बायामाणसं होती, संतोष होता. आई बांधावर पाट टाकून बसल्या होत्या. चौथ्या तुकड्याचं भात मी आधी पाखडलं. सुपातून निम्म्याहून जास्त उडूनच गेलं. मग फवारलेला तुकडा. दाणा भरलेला, टपोरा, सुपात खणखण वाजणारा. बबनकाका म्हणाले, "सूनबाई जिकली." म्हणजे रोग तांब्याचाच होता, माझं निदान खरं होतं.

मग नुसता वाळवलेला तुकडा. मोरचुदाचा एक थेंब न लागलेला. मी पाखडायला लागले आणि हात मंद झाला. तोही भरलेला. तसाच टपोरा, तसाच वजनदार. मी मूठ मूठ घेऊन दोन्ही ढीग पाहत होते, संतोषनं दाणे सोलून पाहिले, बबनकाकांनी दाताखाली धरून पाहिले. काही फरक नाही. आणि दोन्ही केलेला तुकडाही तेवढाच, त्याहून बरा नाही. तांबं आपल्या मातीतच होतं, आणि तिला चार दिवस हवा लागू दिली की ती ते सोडत होती. बाजारातून काही आणायची गरजच नव्हती.

संतोष उठला, हात झटकले, फोन काढला आणि बांधाच्या टोकाला गेला. त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. "नाही साहेब. नाही. भावाचा प्रश्नच नाही. ते खाचर आम्ही कसतोय." समोरचा काहीतरी बराच वेळ बोलत होता. मग संतोष म्हणाला, "आमच्या वडिलांना तिथं सही येत नव्हती. मलाही येत नाही." फोन खिशात टाकून तो तिकडेच पाठमोरा उभा राहिला. आम्ही कुणी हाक मारली नाही.

बबनकाकांना मात्र निकाल हवा होता. "आरं, पन जिकलं कोन? गावात सांगायचं काय?"

निदान माझं खरं होतं, औषध तुमचं खरं होतं. ते मी तसंच सांगणार होते, दोघांचंही. प्रयोगशाळेत मी तसंच लिहिणार आहे. पण आई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला एकदम आठवलं की बरोबरी तुम्हाला सोसायचीच नाही. क्रिकेटची मॅच बरोबरीत सुटली की तुम्ही टीव्ही बंद करून म्हणायचात, ह्याला काय अर्थ हाय.

मी म्हटलं, "आबा जिंकले."

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच आई हसायला लागल्या. बारीक नाही, चांगलं खदखदून. म्हणाल्या, "बरं झालं बाई, ऐकाया न्हाईत. न्हाईतर आता वरीसभर तेच ऐकावं लागलं असतं." आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी ऐकलं असतं, आबा. वर्षभर ऐकलं असतं.